खोलीचे माप मुलांच्या मापाने घ्या

संपादक महोदय,

बालवाडीची चर्चा अभ्यासक्रमावर सुरू होते आणि तिथेच संपते. मूल ज्या खोलीत चार तास काढते तिच्याकडे कुणी पाहत नाही, याची खंत वाटते.

खुर्चीवर बसल्यावर मुलाचे तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत. साधारण 93 ते 116 सेंटिमीटर उंचीच्या मुलांसाठी युरोपीय मानकात बैठक 26 आणि टेबल 46 सेंटिमीटर उंच धरले आहे. पाय लोंबकळले की खुर्चीचा काठ मांडीमागे रुततो, मूल चुळबुळ करते आणि उगीचच चंचल ठरते.

खोलीच्या मधोमध लांब मोकळी पट्टी सोडली की मुले धावणारच. मुलांच्या छातीएवढी बुटकी कपाटे भिंतीला पक्की जोडून किंवा पाया रुंद ठेवून आडवी लावावीत. ताईंची नजर त्यांवरून सगळीकडे जाते. ठोकळ्यांचा कोपरा पुस्तकांपासून दूर हवा आणि येण्याजाण्याच्या वाटेवर मुळीच नको. नाहीतर रचलेले सारे तुडवले जाते, मग भांडणे होतात. फरशीवर आवाज घुमतो, म्हणून तिथे जाड सतरंजी घालावी.

खेळणी बऱ्याचदा दुसऱ्या देशातून येतात. त्यांवर छापलेला ‘3 वर्षांखालील मुलांसाठी नाही’ हा मजकूर बुद्धीचा निकष नव्हे, गुदमरण्याचा इशारा आहे. वस्तू घशात अडकण्याइतकी लहान आहे का हे पाहण्यासाठीच्या 31.7 मिलिमीटर व्यासाच्या तपासणी-नळकांड्यात दाब न देता पूर्ण मावणारी वस्तू लहानग्यांच्या हाती देऊ नये. बटण सेलचा कप्पा स्क्रूने बंद नसेल तर ते खेळणे परत करावे, कितीही स्वस्त असले तरी.

आपले,
बालशिक्षण क्षेत्रातील काही कार्यकर्ते