पाव गोळी मोडायची कुणी?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत एका मेडिकलच्या काउंटरवर गेली अकरा वर्षं काम करतोय, डी. फार्म झालेला माणूस आहे, आणि या अकरा वर्षांत किती बायकांच्या हातात मोठ्या माणसाच्या गोळ्यांची पट्टी देऊन "पाव करून द्या ताई बाळाला" असं सांगितलं असेल त्याचा हिशेबच नाही. एवढं बोललं की पुढचं गिऱ्हाईक. ती ताई घरी जाऊन त्या गोळीचं काय करत असेल, सुरीनं कापते का दातानं तोडते, हे कधी मनातसुद्धा आलं नाही. माझ्याच पोरीच्या चिठ्ठीवर पाव गोळी लिहून आली तेव्हा कळलं.

पोरगी दोन महिन्यांची होती तेव्हा. दूध ओढताना कपाळावर घाम यायचा, चार घोट घेतले की दमून झोपायची, वजन काही केल्या वाढेना. आमच्या आईचं म्हणणं दृष्ट लागलीय, मीठ-मोहऱ्या उतरवून झाल्या, शेवटी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली तर व्हीएसडी, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, तेपण मोठं. जन्मलेल्या हजार मुलांत आठ-दहा जणांना हृदयाचा काही ना काही दोष असतो, त्यामुळं आमचं घर काही जगावेगळं नाही. दहाव्या महिन्यात ऑपरेशन झालं, महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झालं, त्याबद्दल तक्रार अजिबात नाही, उलट हात जोडतो. पण एक व्हॉल्व्ह थोडा लीक राहिलाय म्हणून औषधं अजून चालू आहेत, पोरगी आता तीन वर्षांची झाली तरी.

आता औषधाचं बघा. आमच्या दुकानात एनालाप्रिल (बीपी उतरवून हृदयावरचा भार कमी करणारी) येते ती अडीच मिलीग्रॅमची गोळी, हरभऱ्याच्या डाळीपेक्षा लहान. मुलांचा डोस किलोवर काढतात. पोरगी सहा किलोची होती तेव्हा तिला लागायचा त्याचा पाव. फ्युरोसेमाइड, म्हणजे लोक लॅसिक्स म्हणतात ती, अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढणारी, चाळीसची गोळी, आणि तिला लागायचे सहा मिलीग्रॅम, म्हणजे गोळीचा साधारण सातवा भाग. सातवा भाग कसा करणार सांगा? काही औषधांचं सिरप निघतं, पण ते दुकानदार ठेवत नाहीत, कारण महिन्याला एखादी बाटली खपते आणि उरलेल्या एक्स्पायर होतात. आमचे मालकही ठेवायचे नाहीत, आणि खरं सांगतो, मीच त्यांना नको म्हणालो होतो.

मग घरी काय, तर गोळी वाटीत बारीक करायची, सिरिंजनं मोजून दहा एमएल पाणी घालायचं, ढवळायचं, त्यातलं ठरलेलं माप सुई काढलेल्या सिरिंजमधून तोंडात सोडायचं आणि बाकीचं फेकून द्यायचं. (हे वाचून कुणी आपल्या मुलाला असं करू नका, सगळ्या गोळ्यांना हे चालत नाही, माप तुमच्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.) सोपं वाटतं ना? पावडर तळाला बसते. ढवळल्या ढवळल्या लगेच ओढलं नाही तर वरवरचं पाणीच पोटात जातं, औषध वाटीत राहतं. एनालाप्रिलची गोळी ब्लेडनं कापली तर एकदा मोठा तुकडा, एकदा भुगा. पावसाळ्यात आदल्या दिवशी करून ठेवलेल्या पुड्या सादळतात. आणि हे सगळं पहाटे, पोरगी रडतीय, बायकोला सात वाजता कुपवाडच्या एमआयडीसीत शिफ्टला जायचंय. वजन वाढलं की मापं परत बदलतात, मधे एक वर्ष असं गेलं की पाव कमी पडायची आणि अर्धी जास्त व्हायची, त्या वर्षात आम्ही जे काय केलं त्याला अंदाज म्हणतात, डोस नाही.

एकदा तर आईनं सकाळचं औषध पाजलं आणि बाजारात गेली, बायकोनं परत पाजलं. "अगं दिलं की मी!" हे ऐकल्यावर माझे पाय गळाले. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी बोलवून घेतलं, दिवसभर बीपी बघत ठेवून घेतली, काही झालं नाही. तेव्हापासून कॅलेंडरवर खूण करायची, ज्यानं पाजलं त्यानंच, आणि राहिलेला डोस पुढच्या डोसात मिसळून द्यायचा नाही. २०१९ च्या पुरात पेठेत पाणी शिरलं तेव्हा दुकानं कितीतरी दिवस बंद होती ते मी बघितलंय, म्हणून जुलै लागला की महिन्याभराच्या पट्ट्या घरात आधी आणून ठेवतो.

बालवाडीचं म्हणाल तर तिथल्या बाई चांगल्या आहेत. लॅसिक्समुळं पोरीला सारखी लघवीला लागते, पहिल्या आठवड्यात चड्डीत झाली, मग बाईंना समजावून सांगितलं तर आता न विचारता सोडतात. दुपारचा डोस मात्र द्यायला तयार नाहीत, आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणत नाही, वाटीत विरघळवलेलं पांढरं पाणी कुणी कुणाच्या भरवशावर पाजायचं? तीच तयार पुडी असती, वर नाव, तारीख, वेळ छापलेली, तर त्यांनीही दिली असती असं त्या स्वतःच म्हणाल्या. सध्या आई दुपारी एक वाजता चालत जाऊन पाजून येते.

एक वेगळीच गोष्ट, पण सांगतो. सर्दीचं "काहीतरी द्या" म्हणून काउंटरवर येणाऱ्या आईबापांना आता मी आधी विचारतो पोराला हृदयाचं काही आहे का. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असा केंद्राच्या औषध नियंत्रकांचा आदेश डिसेंबर २०२३ मध्ये निघालाय. फिनाइलेफ्रिन रक्तवाहिन्या आवळतं, अशा मुलांना त्याचा भार जास्त. तसंच जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर लॅसिक्स-एनालाप्रिल तसंच रेटायचं नाही, आधी डॉक्टरांना फोन करायचा, हे आम्हाला कुणीतरी सांगितलं म्हणून कळलं.

मुद्द्यावर येतो. जुन्या लोकांना कंपाउंडर आठवत असतील. आमचे आजोबा सांगायचे, डॉक्टर चिठ्ठी आत सरकवायचे आणि कंपाउंडर खलात घोटून पुड्या बांधायचा, मिक्श्चरच्या बाटलीला कातरलेली कागदाची पट्टी डकवायचा, एक खाच म्हणजे एक डोस. माझी अडाणी आजीसुद्धा त्या खाचा बघून बरोबर औषध पाजायची. तयार गोळ्या आल्या, तो माणूस गेला, मोठ्यांचं काही बिघडलं नाही. पण लहान मुलांच्या मापाची गोळी आलीच नाही आणि माप करणाराही राहिला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली मुलांसाठी आवश्यक औषधांची वेगळी यादी काढली, औषधं मुलांच्या मापाची करा म्हणून मोहीमही काढली, त्याला किती वर्षं झाली तुम्हीच मोजा.

डी. फार्मला असताना आम्ही पावडर घोटून, तराजूवर तोलून पुड्या बांधायचं प्रॅक्टिकल केलंय, सगळ्यांनीच केलंय, परीक्षेत मार्क पण घेतलेत. म्हणजे हे काम येणारी माणसं जिल्ह्यात शेकड्यानं आहेत आणि सगळी माझ्यासारखी पट्ट्या कापून देतायत. म्हणून म्हणणं एवढंच आहे की जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक-दोन दिवस फार्मासिस्टनं अशा मुलांच्या पुड्या तोलून, नाव-वजन-तारीख घालून द्याव्यात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासते, कुठल्या मुलाला हृदयाचं औषध चालू आहे हे त्यांच्या वहीत असतंच की. नवीन इमारत नको, मोठं मशीन नको, चांगला तराजू आणि खल पाहिजे. कुठलं औषध भुकटी करून किती दिवस टिकतं ते ठरवायला मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजात जाणकार बसलेतच.

रविवारी मला सुट्टी असते. बोलवलं तर खलाला मी बसेन, पगार नको.

आपला,
मेडिकलच्या काउंटरवरचा एक बाप
विश्रामबाग, सांगली