नळी आखूड म्हणून नेम कच्चा नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सैन्याच्या नव्या रायफलींची नळी आखूड, तेव्हा लांबचा नेम चुकणारच, असा सूर आपल्या अंकातील लेखात होता. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावातच आहे आणि खानापूर-निपाणीकडची भरतीची तयारी करणारी पोरे असे लेख आवर्जून वाचतात, म्हणून हा खुलासा.

नळी आखूड केली की गोळीचा वेग घटतो, ग्रुपिंग (गोळ्या एकमेकींजवळ लागणे) बिघडत नाही. सैन्याच्या जुन्या एसएलआर रायफलीची नळी साधारण २१ इंची. २०१९ मध्ये मागवलेल्या ७२,४०० सिग ७१६ रायफलींची १६ इंची. काडतूस दोन्हींत ७.६२ बाय ५१ मिमीचे. इंचामागे सेकंदाला ६ ते ८ मीटर वेग जातो असे धरले तर तूट सेकंदाला ३०-४० मीटरची. लांब नळीतल्या गोळीचा साधारण ५० मीटरवर जेवढा वेग उरतो, तेवढ्याने ही निघते. गेला तो ५० मीटरचा पल्ला, नेम नव्हे. ५.५६ मिमीच्या छोट्या काडतुसात मात्र २० ऐवजी साडेदहा इंची नळी घेतली तर सेकंदाला सुमारे १५० मीटर वेग जातो आणि पल्लाही जवळपास तेवढाच तुटतो. तिथे लेखकाची काळजी रास्त आहे.

उलट जाडी तीच ठेवून २१ इंची नळी १६ वर आणली तर ती दुपटीहून जास्त ताठ होते आणि बार उडताना कमी थरथरते.

मग चांदमारीत आखूड रायफलीच्या गोळ्या विखुरतात का? बहुतेकदा साइटमुळे. फोरसाइट-बॅकसाइटमध्ये (नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणांत) ५०० मिमी अंतर असताना त्यांची जुळणी अर्धा मिमी चुकली तर ३०० मीटरवर गोळी ३० सेंमी सरकते. अंतर ३५० मिमी असेल तर तीच चूक ४३ सेंमीची. दुर्बीण बसवली की हा प्रश्नच मिटतो. स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य जिंकले त्या ५० मीटर प्रकारातल्या कित्येक रायफलींना पुढे पोकळ नळकांडे जोडलेले असते, तेही फोरसाइट लांब नेण्यासाठीच.

गोळ्या विखुरण्याची दुसरी जागा नळीच्या तोंडाची. आखूड नळीत गोळी बाहेर पडताना मागचा वायूचा दाब जास्त असतो, त्यामुळे कडेवरची बारीकशी खोचही तिला एका बाजूला ढकलते. कापसाचा बोळा कडेवरून फिरवावा. तंतू अडकला तर खोच आहे. सफाईचा रॉड नेहमी चेंबरकडून, म्हणजे काडतूस बसते त्या मागच्या टोकाकडून घालावा. पुलथ्रूची (नळी पुसायची) दोरी तिरपी ओढली की कड झिजलीच म्हणून समजा.

काडतुसे एकाच लॉटची, म्हणजे कारखान्यातल्या एकाच खेपेची घ्यावीत. वेगात सेकंदाला १५ मीटरचा फरक पडला तर ६०० मीटरवर गोळी दहा-पंधरा सेंमी वर-खाली लागते, नळी कितीही लांब असो. वाऱ्याचा अंदाज सेकंदाला एक मीटर चुकला तर तिथेच पाव मीटर बाजूला. आमच्याकडे पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुटतो तेव्हा नळीचे पाच इंच कोणाच्या ध्यानातही येऊ नयेत.

सर्रास होणारी चूक म्हणजे जुन्या रायफलीचा रेंज-तक्ता (कोणत्या अंतराला साइट किती वर घ्यायची याचा तक्ता) नवीला लावणे. १०० मीटरवर जीरो करून (नेम आणि गोळी एकाच जागी आणून) ३०० आणि ५०० वर प्रत्यक्ष गोळ्या मारूनच नवा तक्ता करावा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, हवा जरा विरळ; इथला तक्ता किनाऱ्यावर नेला तर लांबच्या गोळ्या किंचित खाली लागतील.

आपले,
निवृत्त शस्त्र-प्रशिक्षक व आर्मोरर, बेळगाव