तुमची पेटी उघडली, बाबा

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

घराच्या पत्र्याचं काम निघालं तेव्हा तुमची पुस्तकांची पेटी मी संभाजीनगरला आणली होती. दिवाळीपासून रोज रात्री त्यातलं थोडं थोडं वाचतेय. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तुम्ही मुक्कामाच्या गावाचं नाव लिहून ठेवलंय. किल्लारी, उदगीर, भूम. गाडी मुक्कामी लागल्यावर ड्रायव्हर झोपायचे आणि तुम्ही वाचत बसायचा, हे आई सांगायची. आता ती गावं वाचताना तुमची एकेक रात्र दिसते.

‘मृत्युंजय’ चार दिवसांत संपवलं. कर्णासाठी रडू आलं, पण मन भरलं नाही. कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण, कृष्ण असे सहा जण बोलतात आणि सगळ्यांची भाषा सारखीच भारदस्त. तुम्हाला ते फार आवडतं, म्हणून राग मानू नका.

‘बनगरवाडी’ मात्र हळूहळू वाचली. शेवटी दुष्काळात धनगरांची ती वाडी रिकामी होते, ती पानं वाचताना मला 2016 चा उन्हाळा आठवला. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं होतं आणि आई, तू टाकीला कुलूप लावून उशाशी किल्ली घेऊन झोपायचीस. माडगूळकरांनी कुठंच आवाज चढवलेला नाही. माणसं निघून जातात, एवढंच सांगितलंय.

बाबा, ‘एका कोळियाने’ तुम्ही भूमला वाचलंय. मूळ हेमिंग्वेचं, मराठी पुलंचं. चौऱ्याऐंशी दिवस मासा न मिळालेला म्हातारा आणि त्याचा तो प्रचंड मासा, यावर सगळे बोलतात. माझ्या डोळ्यांपुढून तो पोरगा जात नाही. म्हातारा परत येऊन झोपलाय आणि पोरगा त्याचे सोलवटलेले हात बघून रडतो. तिकिटं पंच करून करून तुमच्या अंगठ्याला घट्टा पडलाय, तो मी लहानपणी दाबून बघायची. दुखत असेल असं तेव्हा कधी मनातच आलं नाही.

आता आई, तुझ्यासाठी. तू म्हणायचीस, “पुस्तकातल्या बाया आपल्यावानी कुठं बोलत्यात?” बोलतात गं. पेटीच्या तळाशी रा. रं. बोराडे यांचा ‘पाचोळा’ सापडला, 1971 चा. बोराडे आपल्याच जिल्ह्यातल्या काटगावचे. गावातल्या गंगाराम शिंप्याची गोष्ट, आणि ती त्याची बायको सांगते, थेट आपल्या बोलीत. मी मोठ्यानं वाचायला लागले आणि माझ्याच तोंडून तुझा आवाज यायला लागला. मशीनवर वाकून, दोरा दातानं तोडत तू बोलायचीस, तस्सा. इतकी वर्षं हे पुस्तक आपल्या घरात होतं आणि तुला कुणी वाचून दाखवलं नाही, बाबांनीही नाही नि मीही नाही, याचं फार वाईट वाटतं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून पुस्तक पाठवत नाही. सोमवारपासून रात्री साडेआठला फोन करीन आणि रोज चार-पाच पानं वाचीन. फोन स्पीकरवर ठेवा. बाबा, तुम्ही पुढचं आधी सांगायचं नाही. त्याआधी दोघांनी जेवून, गोळ्या घेऊन बसा.

तुमची,
ताई