शांपान्यच्या ब्लाँशबद्दल आईला पत्र

त्रुवा, फ्रान्स

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पेरण्या उरकल्याचं दादाने कळवलं, जीव भांड्यात पडला. मी मजेत आहे. फोनवर घाईघाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून हे लिहायला बसले. मी राहते ते त्रुवा एके काळी शांपान्य या मुलखाच्या काउंटांचं मुख्य शहर होतं. काउंट राजाला मानायचे, पण मुलूख, किल्ले आणि न्यायनिवाडा त्यांच्याच हाती असायचा. त्या घराण्यातल्या ब्लाँश नावाच्या बाईची हकीकत तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

24 मे 1201 रोजी तिचा नवरा, तिसरा तिबो, वारला. ऐन तारुण्यात. धर्मयुद्धावर निघायची तयारी चालू असतानाच. पदरात लहान मुलगी आणि दिवस भरत आलेले. 30 मे रोजी मुलगा झाला, त्याचंही नाव तिबोच. बापाचं तोंडही न पाहिलेलं ते बाळ जन्मतःच फ्रान्समधल्या एका श्रीमंत मुलखाचं वारस ठरलं. त्रुवा, प्रोव्हँ, लान्यी, बार-सुर-ओब इथल्या जत्रांना इटलीपासून फ्लँडर्सपर्यंतचे व्यापारी यायचे, तेव्हा या मुलखावर किती जणांचा डोळा असेल याची कल्पना कर.

तिथे जहागीर म्हणजे धन्याच्या चाकरीचा मोबदला. अंगावर पिणारं पोर लढाईची चाकरी कशी करणार? म्हणून वारस सज्ञान होईपर्यंत जहागीर दुसऱ्याच्या ताब्यात जायची. त्याने चाकरी करायची, मुलाला पोसायचं आणि उत्पन्न स्वतः घ्यायचं. नॉर्मंडीत हा हक्क थेट धन्याकडे जायचा, इतरत्र बहुधा आईकडे किंवा जवळच्या नातलगाकडे. पण जवळचा नातलग म्हणजे बहुतेक वेळा मूल दगावलं तर ज्याला सगळं मिळणार तोच! म्हणून कित्येक ठिकाणी रीत पडली, की जमीन एकाने सांभाळायची आणि मूल दुसऱ्याने, ज्याला वारसा मिळू शकत नाही अशाने. कोकराचं कातडं ज्याला मिळायचं, त्याच्या हाती कोकरू राखायला देऊ नये, अशी त्यांच्यात म्हणच होती. आई, ती वाचली आणि मी पुस्तक मिटून बसले. बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर आम्हा दोघांच्या नावापुढे अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून तुझं नाव लागलं तेव्हा आपल्या ओटीवर कोण कोण येऊन बसायचं, ते आठवलं.

ब्लाँश परकी, स्पेनकडच्या नाव्हारच्या राजाची मुलगी. बाळंतपणाच्या आसपासच तिने फ्रान्सचा राजा फिलिप ऑग्युस्त याच्यापुढे निष्ठेची शपथ घेतली. त्याच्या परवानगीशिवाय दुसरं लग्न करणार नाही असं वचन दिलं, मुलगी त्याच्या स्वाधीन केली, किल्ले तारण ठेवले. पुढे मुलगाही काही वर्षं राजदरबारी राहिला. पोटची पोरं दुसऱ्याच्या वाड्यात ठेवून तिने त्यांचा मुलूख राखला. याला मी कमीपणा म्हणणार नाही. राजाचा हात डोक्यावर नसता, तर पाळण्यातल्या वारसाला कुणी विचारलं असतं?

खरं संकट भाऊबंदकीचं. तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ आँरी, तेव्हाचा काउंट, 1190 मध्ये धर्मयुद्धासाठी पूर्वेकडे गेला. आपण परतलो नाही तर मुलूख धाकट्याला द्यावा, अशी शपथ त्याने जाण्याआधी सरदारांकडून घेतली होती. तिकडे त्याने लग्न केलं, मुली झाल्या आणि 1197 मध्ये अक्का शहरात खिडकीतून पडून तो मेला. त्या मुलींपैकी फिलिपाशी एरार द ब्रिएन या सरदाराने लग्न केलं आणि शांपान्यवर हक्क सांगितला. ब्लाँशच्या बाजूचं म्हणणं होतं, की आँरीची बायको आधीच विवाहित होती आणि तिचा पहिला नवरा जिवंत होता, मग तिच्या मुली वारस कशा?

जुलै 1216 मध्ये मलं इथे राजाच्या दरबारात निकाल झाला. बापाने निर्वेध उपभोगलेल्या वतनावरून मुलाला एकविसाव्या वर्षाआधी वादात ओढता येत नाही, या रिवाजावर ब्लाँश जिंकली. एरारने शस्त्र उचललं, काही सरदार त्याला मिळाले, शेजारच्या लॉरेन मुलखाचा सत्ताधीश, म्हणजे ड्यूकही. मग बाई स्वतः सैन्यासह निघाली. 1218 मध्ये तिच्या माणसांनी ड्यूकचं नान्सी शहर जाळलं. तिथल्या गरिबांचं काय झालं असेल, या विचाराने मला वाईट वाटतं, तिच्याबद्दल कितीही आदर असला तरी.

शेवटी 1221 मध्ये एरार आणि फिलिपाने रोख रक्कम आणि सालीना उत्पन्न घेऊन हक्क सोडला.

मला सगळ्यात भावलं ते तिचं कागदपत्रांचं भान. करार, शपथा, सरदारांची पत्रं, सगळं तिने वहीत उतरवून ठेवलं. 1212 मध्ये सरदारांना जमवून मुलगे नसतील तर बहिणींमध्ये किल्ल्यांची वाटणी कशी करायची, हेही ठरवून घेतलं.

मे 1222 मध्ये तिबो एकवीस वर्षांचा झाला. तिने कारभार त्याच्या हाती दिला आणि आपणच स्थापन केलेल्या आर्जांसोलच्या मठात राहायला गेली. 1229 मध्ये वारली. तिबो पुढे नाव्हारचा राजा झाला, नामांकित कवीही. पण फिलिपाची बहीण अलिस, सायप्रसची राणी, हिने पुन्हा दावा काढला, आणि तिला चाळीस हजार लिव्र (तिथलं तेव्हाचं चलन) देऊन तो मिटवण्यासाठी 1234 मध्ये त्याला ब्ल्वा आणि शार्त्र या मुलखांवरचे हक्क राजाला विकावे लागले. या वेळी निस्तरायला आई नव्हती.

दादाला सांग, बांधाच्या मोजणीचे कागद एकदा नीट लावून ठेव. गुडघ्याला तेल लावत जा. मोठ्या काकूंना नमस्कार.

तुझीच,
धाकटी