बिनपगारी उमेदवारी

चि. माऊ,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू सांगितलंस, तुझ्या बिनपगारी इंटर्नशिपबद्दल आमदार साहेबांचे पीए म्हणाले, "इथं शिकायला मिळतंय ना, मग पैशाचं काय घेऊन बसलीस?" तुझी आई त्यावर रात्रभर धुमसत होती. मला मात्र आपला जुना शब्द आठवला, उमेदवारी. पूर्वी कचेरीत पोरं बिनपगारी खर्डेघाशी करायची, आज ना उद्या कारकुनाची जागा मिळेल या उमेदीवर. त्यांना उमेदवार म्हणत. आता तो शब्द निवडणुकीला उभे राहणाऱ्यांनी नेला आणि तुम्ही झालात इंटर्न. आमच्याही विभागात एक पोरगा दोन वर्षं फुकट टायपिंग करायचा. त्याला चहा आणायला मीच पाठवायचो. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

तुमच्या कार्यालयातून निघालेलं पत्र जिथं पोचतं, त्या सरकारी टेबलामागे मी 30 वर्षं बसलो. "पत्रवाहक माझ्या परिचयाचे असून त्यांचे काम प्राधान्याने करावे" असल्या पत्रांचा नुसता गठ्ठा व्हायचा. अर्ज कोणत्या तारखेचा, पोच क्रमांक काय, अडलंय कुठे, हे ज्यात असे ते पत्र हलायचं. तू सांगितलेल्या त्या निराधार बाईंचंच घे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत लागतं. उत्पन्नाच्या दाखल्यावर आकडा त्याहून मोठा असेल तर शिफारस कुणाचीही असो, अर्ज बसत नाही. आधी दाखला बघ, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला जोडलाय का विचार, मग पत्र लिही. नाहीतर त्यांचं एसटीचं भाडंही जातं आणि दिवसाची मजुरीही. आणि लोकांच्या आधार कार्डांचे फोटो स्वतःच्या फोनमध्ये ठेवू नकोस.

तारांकित प्रश्नाचा, म्हणजे सभागृहात मंत्र्यांनी तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाचा, मसुदा हाती आला तर मात्र जीव ओत. "एलएक्यू आलाय", म्हणजे विधानसभेचा प्रश्न आलाय, म्हटलं की आमच्याकडे रात्री उशिरापर्यंत दिवे चालू. प्रश्न मोघम असला की "हे अंशतः खरे आहे" लिहून आम्ही मोकळे. गाव, वर्ष, रक्कम नेमकी दिलेली असली की सगळे रजिस्टर शोधत धावायचे. शिकण्यासारखं जे आहे ते इथं आहे. वाढदिवसाच्या फ्लेक्ससमोर उभं राहून फोटो काढण्यात काही नाही.

दोन गोष्टींना सरळ नाही म्हण. सही केलेल्या कोऱ्या लेटरहेडवर मजकूर टाकायचं काम घेऊ नकोस. उद्या चौकशी लागली तर पीए म्हणतील, ती नवीन मुलगी होती, तिनंच लिहिलं. आणि खोट्या नावाच्या अकाउंटवरून विरोधकांना शिव्या घालणं हे काम नव्हे, मग ते "सोशल मीडिया सांभाळ" अशा गोड शब्दांत का सांगितलेलं असेना.

डिसेंबरात अधिवेशनाला नागपूरला चल म्हणतात ना? तिकीट कोण काढणार, राहायची सोय कुठे, खोलीत बरोबर कोण, हे व्हॉट्सॲपवर लिहून घे. तोंडी "होईल सगळं" चालणार नाही. कुणी वेडंवाकडं वागलं तर पगार नाही म्हणून गप्प बसायचं कारण नाही. 2013 चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा बिनपगारी आणि शिकाऊ मुलींनाही लागू आहे. तुमच्याकडे दहा माणसंही नाहीत, म्हणजे अंतर्गत समिती नसणार. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची, तीन महिन्यांच्या आत. आईला हे वाचून दाखवलं नाही, ती तुला लगेच परत बोलावेल.

कामाच्या वेळा आणि शेवटी मिळणारं प्रमाणपत्र यांचंही साहेबांशी एकदा बोल. पीएंशी नको, साहेबांशीच. बसच्या पासाचे पैसे आज पाठवलेत.

त्या निराधार बाईंचा उत्पन्नाचा दाखला निघाला का, ते कळव.

तुझे
बाबा