कामगिरी मोजायची, तर थांबलेले मशीनही मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) लहान-मध्यम कारखान्यांतही हल्ली ‘सेवाज्येष्ठता पुरे, कामगिरीवर पगारवाढ’ हे ऐकू येते. म्हणणे योग्यच आहे. घोडे अडते ते मोजणीत. मार्चअखेर सुपरवायझरच्या हातात फॉर्म पडतो आणि तो बारा महिन्यांचे गुण जेमतेम दोन महिन्यांच्या आठवणीवर देतो. फेब्रुवारीत ज्याचा साहेबांशी खटका उडाला, त्याचे वर्ष वाया!

साधा हिशेब पाहा. पाळी ४८० मिनिटांची. जेवण-चहाची ५० आणि सेटिंगची (मशीन त्या कामासाठी जुळवण्याची) ४० वजा जाता उरली ३९०. नगाला ६ मिनिटे धरली तर दिवसाचे ६५ नग. कास्टिंग (ओतीव भाग) स्टोअरमधून दीड तास उशिरा आले, तर हातात ३०० मिनिटे, म्हणजे ५० नग. ऑपरेटरने ५० काढले, काम शंभर टक्के झाले. महिन्याच्या शीटवर मात्र ७७ टक्के दिसतात. रिजेक्शनचीही (नापास नगांची) तीच गत. ब्लोहोल (ओतताना राहिलेली हवेची पोकळी) कास्टिंगच्या पोटात असतो, टर्निंग (लेथवरचे कातकाम) झाल्यावर उघडा पडतो आणि टर्नरच्या नावावर चढतो.

यावर उपाय स्वस्त आहे. मशीनला एक कार्ड अडकवा : कधी बंद पडले, कधी सुरू झाले, कारण काय. कारणे चार-पाचच ठेवा (माल नाही, टूल नाही, वीज, बिघाड, ड्रॉइंगची शंका), नाहीतर कोणी भरत नाही. पाळी सुटण्याआधी ऑपरेटर आणि सुपरवायझर दोघांची सही हवी. दुसऱ्या दिवशी केलेली सही म्हणजे पुन्हा आठवणच. मटेरियल आणि मशिनिंगचे रिजेक्शन वेगवेगळे लिहा.

आठ जणांच्या खात्यात ‘तळाचे दहा टक्के’ (सर्वांत कमी गुणांचे) शोधणाऱ्यांना काय म्हणावे? आठाचे दहा टक्के म्हणजे पुरता एक माणूसही नाही! अशी सक्तीची क्रमवारी मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्येच मोडीत काढली.

नुसता व्यक्तिगत इन्सेंटिव्ह लावला की जुने हात लांब बॅचचे सोपे जॉब उचलतात आणि पाच-पाच नगांच्या सेटिंग नव्या पोराच्या गळ्यात येतात. त्याला शिकवायलाही कोणी मशीन थांबवत नाही. शिकवण्याची मिनिटेही कार्डावर धरा आणि इन्सेंटिव्हचा काही भाग पूर्ण सेलला (एकत्र काम करणाऱ्या गटाला) द्या.

गुण कामगाराला दाखवायलाच हवेत. सरकारी नोकरांच्या गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद त्यांना कळवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने देवदत्त खटल्यात २००८ मध्येच सांगितले आहे. खाजगी कारखान्यांना तो निकाल जसाच्या तसा लागू नसेल, पण लपवलेल्या गुणांवर भांडणेच होतात. शिवाय कामगारांच्या वेतनाच्या अटी बदलायच्या तर २१ दिवसांची नोटीस लागते. एप्रिलच्या पगारात परस्पर कापाकापी करता येत नाही.

पहिले सहा महिने नुसती कार्डे भरा, पैसे जोडू नका. तेवढ्यात स्टोअर किती तास खाते ते उघड होईल, आणि मग गुणांचा एक फॉर्म स्टोअरकीपरसाठीही छापावा लागेल.

– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे