डॉग बेडवर नेमकं काय फवारलंय, ते लेबलवर लिहा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत पावसाळ्यात कुत्र्यामांजरांची काळजी कशी घ्यायची यावर अख्खं पान होतं. गोचीड, ओले पंजे, कानाचं इन्फेक्शन, सगळं नीट लिहिलंय, तक्रार नाही. पण कोपऱ्यात एक चौकट होती, 'डाग न धरणारा, पाणी न शोषणारा बेड घ्या म्हणजे धुण्याची कटकट नाही', आणि त्या चौकटीवर मला बोलायचंय, कारण माझी सगळी नोकरी कापडाच्या प्रोसेस हाउसमध्ये फिनिशिंग खात्यात गेली आणि कापड डाग का धरत नाही हे मला चांगलं माहितीय.

कापड आपोआप असं होत नाही हो. डाय झालेलं कापड केमिकलच्या टबातून काढतात, रोलरने पिळतात आणि मग स्टेंटरवर, म्हणजे कापड ताणून तापवणाऱ्या मशीनवर, दीडशे-एकशेसत्तर डिग्रीला क्युअर करतात, तेव्हा ते केमिकल धाग्याला चिकटतं. आता केमिकल कुठलं हा प्रश्न. नुसतं पाणी अडवायचं असेल तर मेण चालतं, सिलिकॉन चालतं, स्वस्तात काम होतं. पण तेल अडवायचं असेल, म्हणजे चिकनचा रस्सा, तूप, कुत्र्याच्या अंगाची ती तेलकट घाण, तर तिथे मेण आणि सिलिकॉन दोन्ही हात टेकतात, कारण पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे थेंबाला गोल धरून ठेवणारी ओढ, बहात्तरच्या आसपास आणि तेलाचा तीसच्या, तेल कशावरही पसरतं. त्याला फक्त फ्लोरिनवालं फिनिशच थोपवतं. १९५३ मध्ये अमेरिकेत थ्रीएम कंपनीच्या लॅबमध्ये पॅट्सी शर्मन काम करायच्या, तिथे असंच एक मिश्रण एका असिस्टंटच्या कॅनव्हासच्या बुटावर सांडलं आणि तेवढा भाग काही केल्या मळेना, त्यातूनच पुढे स्कॉचगार्ड हे डागरोधक फिनिश आलं. केमिस्ट्री म्हणून बघितलं तर कमाल चीज आहे, मी आजही म्हणेन.

पण ह्याच घराण्याला आता पीएफएएस म्हणतात, आणि कार्बन-फ्लोरिनचा बंध इतका घट्ट असतो की निसर्गात तो तुटता तुटत नाही, म्हणून तिकडचे लोक 'फॉरेव्हर केमिकल' म्हणतात. थ्रीएमने स्वतः २००० साली ह्या घराण्यातलं पीएफओएस बंद करतोय म्हणून जाहीर केलं. निसर्गात टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवर बंदी-निर्बंध घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात २००९ ला पीएफओएस आलं, २०१९ ला त्याचंच भावंड पीएफओए, २०२२ ला पीएफएचएक्सएस. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने पीएफओएला थेट पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कॅन्सर करणारं, आणि पीएफओएसला 'शक्यता आहे' वाल्या गटात. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून मुद्दाम पीएफएएस घातलेल्या घरगुती कापडी वस्तू विकायला बंदी आहे, अमेरिकेतल्याच मिनेसोटा राज्यात तर डाग न पडण्याचे स्प्रेसुद्धा बंद. आपल्याकडे? ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने ह्याच करारातल्या सात रसायनांच्या बंदीला मंजुरी दिली, त्या सातात पीएफओएस नव्हतं.

कोणी म्हणेल कुत्र्याच्या गादीवरून एवढं रामायण कशाला. तर ऐका. माणूस सोफ्यावर बसतो, सोफा चाटत नाही. कुत्रं चाटतं, चावतं, झोपायच्या आधी पंजाने उकरतं, मग त्याच जागी नाक खुपसून दिवसातले बारा-बारा तास पडून राहतं आणि उठल्यावर तेच पंजे चाटतं. फिनिश काही कायमचं नसतं, घासून घासून त्याचा बारीक चुरा होतो आणि घरातल्या धुळीत मिसळतो. २००८ मध्ये अमेरिकेतल्या एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप ह्या संस्थेने २० कुत्री आणि ३७ मांजरं तपासली होती, त्यात कुत्र्यांच्या रक्तात ही डाग-तेल रोखणारी रसायनं माणसांच्या सरासरीच्या २.४ पट निघाली. अभ्यास लहान, रक्त एकत्र करून तपासलेलं, म्हणून त्यावर फार मोठा इमला बांधू नये, आणि एका बेडमुळे कोणाचं कुत्रं आजारी पडलं असंही मी म्हणत नाहीये, उगाच घाबरवायचा माझा धंदा नाही. उलट गंमत म्हणजे पीएफओए कुत्र्याच्या शरीरातून काही आठवड्यांत बऱ्यापैकी उतरतं, माणसाच्या शरीरातून निम्मं जायलाच वर्षं लागतात. मग खरी काळजी कोणाची? बेड असतो हॉलमध्ये, त्याच फरशीवर घरातलं बाळ रांगत असतं आणि हात तोंडात घालत असतं, त्याचं.

कर्वे रोडपासून बाणेरपर्यंत हल्ली पेट शॉप गल्लोगल्ली झालीत, मी तीन-चार ठिकाणी सहज विचारलं की बाबा ह्याच्यावर फिनिश कुठलंय. उत्तरं ठरलेली. 'काका, इम्पोर्टेड आहे', 'काका, नॅनो कोटिंग आहे', एक जण म्हणाला 'एकदम ऑरगॅनिक'. त्या पोरांचा दोष नाही, लेबलवरच काही नसतं. पॉलिस्टर एवढे टक्के, फोम अमुक, वॉश कोल्ड, संपलं. आणि एखाद्यावर 'पीएफओए फ्री' लिहिलं असेल तर फार खुश होऊ नका, त्याचा अर्थ एवढाच की घराण्यातला तो एक मेंबर नाही, बाकी चुलते-पुतणे असू शकतात, बाजारात आठ कार्बनची साखळी जाऊन सहाची आली म्हणजे फ्लोरिन गेलं असं होत नाही.

ओळखायचं कसं ते सांगतो, लॅब लागत नाही. कापडावर एक थेंब पाणी आणि शेजारी एक थेंब गोडेतेल टाका, दोन-तीन मिनिटं थांबा. दोन्ही मुरले तर फिनिश नाही किंवा धुऊन गेलं. पाणी मोत्यासारखं उभं राहिलं पण तेल पसरलं तर मेण नाहीतर सिलिकॉन. आणि तेलाचा थेंबही ऐटीत गोल बसून राहिला तर समजायचं की फ्लोरिन आहे. दुकानदार तेल टाकू देणार नाही हे मान्य, पण घरी आणलेल्यावर करून बघा आणि परत करायचं तर टॅग काढायच्या आधी, बेडच्या मागच्या बाजूला करा.

दुसरं, सोफा शाम्पू करायला येतात ना घरी, ते शेवटी हजार-दीड हजार जादा घेऊन 'स्टेन प्रोटेक्शन' मारू का विचारतात, आणि आपण म्हणतो मारा, कुत्र्याच्या बेडवर पण मारा. हे मात्र अजिबात नको. गिरणीत ते टबातून भट्टीत जातं, इथे बंद हॉलमध्ये हवेत उडतं. असे वॉटरप्रूफिंगचे स्प्रे श्वासातून जाऊन माणसांना फुप्फुसाचा त्रास होऊन हॉस्पिटल गाठावं लागल्याच्या नोंदी युरोप-अमेरिकेत आहेत आणि कुत्र्याचं नाक तर जमिनीलगत. ज्यांच्याकडे पोपट किंवा लव्हबर्ड्स आहेत त्यांनी तर हा विचारच सोडावा, पक्ष्यांची फुप्फुसं फार नाजूक.

मग पावसात चिखलाचं काय करायचं? आपल्या आज्यांनी हे कधीच सोडवलंय. बाळाच्या दुपट्याखाली मेणकापड घालायच्या की नाही? तेच. पाणी अडवणारा थर आत, फोमला लागून, आणि वर साधं सुती कव्हर, चेनवालं, दोन जोड शिवून घ्यायचे, एक धुवायला एक वापरात. गादीवाल्याकडे सांगितलं तर मापाने करून देतात. नाहीतर जुन्या लुगड्यांची गोधडी, आमच्या लेकीचं लॅब्राडॉर महागाचा बेड सोडून तिच्यावरच जाऊन झोपतं. धुवायला सोपी, फाटली तर हळहळ नाही.

धुण्यावरून आठवलं. फिनिशवाला बेड मशीनला लावला की सुटलेलं जातं कुठे, ड्रेनेजमधून नायडू किंवा भैरोबा नाल्याच्या सांडपाणी शुद्धीकरण प्लांटला, तिथली नेहमीची प्रक्रिया हे तोडू शकत नाही, मग मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत. तिकडचे लोक ते पाणी पितात. आणि हा विषय काही परदेशातलाच राहिलेला नाही, इटलीत विचेन्झाजवळच्या मितेनी कारखान्याने लाखो लोकांचं पाणी पीएफएएसने नासवलं, २०१८ ला तो दिवाळखोरीत गेला, जून २०२५ मध्ये कोर्टाने ११ जणांना शिक्षा ठोठावली, आणि त्याच कारखान्याची यंत्रं आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात लोटे परशुरामला आलीत. तुमच्या प्रतिनिधीने तिथे एकदा जाऊन यावं असं मला वाटतं.

माझी मागणी फार नाही. मानकं ठरवणाऱ्या बीआयएसने म्हणा, ग्राहक खात्याने म्हणा, कापडी वस्तूवर डागरोधक फिनिश असेल तर 'फ्लोरिनयुक्त' किंवा 'फ्लोरिनविरहित' एवढा एक शब्द छापायची सक्ती करावी. रंगाच्या डब्यावर शिसं मर्यादेत आहे असं लिहावं लागतं, मग इथे काय हरकत आहे? तोवर तुमच्या पुरवणीत असे बेड सुचवताना निदान विकणाऱ्याला फिनिश काय ते विचारून घ्या.

आणि कोणी हे वाचून जुना बेड टाकायला काढलाच तर सुक्या कचऱ्यात बांधून द्या, कचरावेचक ताईंना आधी सांगा, आणि थंडीत सोसायटीचे वॉचमन शेकोटी पेटवतात तिथे चुकूनही ठेवू नका, फ्लोरिनवालं कापड जळलं की हायड्रोजन फ्लोराइडसारखा वायू सुटतो आणि शेकोटीभोवती तोंड करून बसलेले असतात ती माणसं.

आपला,
एक निवृत्त वाचक, कोथरूड, पुणे